आधी विश्वसंच सांगा



एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत विठ्ठलवाडी, कल्याण, उल्हासनगरहून आलेल्या श्रोत्यांपुढे मी आज गणितावर बोलणार आहे. संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली होती. मी नववीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण घेतलं आहे. बालभारतीच्या नववीच्या ‘गणित भाग १’मध्ये पहिलं प्रकरण ‘संच’ आहे. घटक, उपसंच, रिक्त संच, विश्वसंच, पूरक संच, छेद, संयोग आणि वेन आकृत्या एवढाच त्याचा पसारा. शाळा सुरू झाल्या झाल्या ते भराभर संपवलं जातं. मुलांना ते सोपं वाटतं, आणि दहावीच्या पुस्तकात त्या नावाचं प्रकरण नसल्याने पालकही त्याची फार चौकशी करत नाहीत. वर्गसमीकरणं, भूमितीची प्रमेयं यांच्यासाठी शिकवण्या लागतात. संचासाठी कोणी शिकवणी लावल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझं म्हणणं असं, की नववी-दहावीच्या गणितातलं जे प्रकरण मोठेपणी दररोज उपयोगाला येतं, ते हेच. यादीत कोण आहे, कोण नाही, कोण दोनदा मोजलं गेलं आणि मुळात यादी कशातून काढली, हे चार प्रश्न नीट विचारता येणं म्हणजे संचांच्या मूळ क्रिया येणं. यातला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. आजचं बोलणं मुख्यतः त्या चौथ्या प्रश्नाकडे जाणार आहे. त्याआधी पहिले तीन.

उदाहरणं शोधायला आपल्याला या सभागृहापासून लांब जायला नको. मध्य रेल्वेचे दोन मार्ग घ्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कर्जत या मार्गावरच्या स्थानकांचा संच ‘क’ आणि टर्मिनस ते कसारा या मार्गावरच्या स्थानकांचा संच ‘ख’. टर्मिनसपासून कल्याणपर्यंतची २६ स्थानकं दोन्ही संचांत आहेत. हा झाला क आणि ख यांचा छेद: जे इथेही आहेत आणि तिथेही आहेत, तेवढेच. कल्याणला रूळ फुटतात. एका बाजूला विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. दुसऱ्या बाजूला शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव आणि पुढे कसाऱ्यापर्यंत. दोन्ही मार्गांवरची सगळी स्थानकं मिळून जो संच होतो तो संयोग. त्यात ठाणं एकदाच लिहायचं, डोंबिवली एकदाच लिहायची. संचात एक घटक दोनदा लिहिल्याने तो दोन होत नाही, आणि कोणत्या क्रमाने लिहिला यानेही काही बदलत नाही.

आता क मधून ख वजा करा, म्हणजे क मधली ख मध्ये नसलेली स्थानकं ठेवा. उत्तर विठ्ठलवाडी ते कर्जत. ख मधून क वजा केलं तर उत्तर शहाड ते कसारा. छेद आणि संयोग कोणत्याही बाजूने केले तरी तेच येतात, वजाबाकी मात्र बाजू बदलली की बदलते. इथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. दादरला कसारा लोकलमध्ये चढून बसलेला विठ्ठलवाडीचा प्रवासी कल्याणला उतरून गाडी बदलतो, तेव्हा तो दोन संचांमधली वजाबाकीच करत असतो.

आणि एक संच राहिला. मुंबईहून सुटणाऱ्या एखाद्या लोकलने एकाच फेरीत विठ्ठलवाडीलाही थांबावं आणि शहाडलाही थांबावं, अशा लोकलचा संच लिहा. तो रिक्त आहे. मुलं इथे हमखास महिरपी कंसात शून्य लिहितात. कंसात शून्य लिहिलं की त्या संचात एक घटक आला, शून्य नावाचा. रिक्त संचाच्या कंसात काहीच नसतं. त्यातल्या घटकांची संख्या शून्य आहे, तो संच शून्य नव्हे. रिकामा डबा आणि ‘रिकामा’ असं लिहिलेली चिठ्ठी ठेवलेला डबा यात जो फरक आहे तो हा. वर्गात या एका गोष्टीवर अर्धा तास गेला तरी तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन, कारण ‘माहिती नाही’ आणि ‘माहिती आहे, ती अशी की काही नाही’ यातला फरक याच अर्ध्या तासात डोक्यात बसतो.

दोन वर्तुळं एकमेकांत शिरलेली काढून हे सगळं दाखवायची पद्धत जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा निबंध १८८०चा. वर्तुळं काढून विधानं समजावण्याची रीत त्याआधीही होती. गणितज्ञ ऑयलरने एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत ती वापरली, आणि ती पत्रं १७६८पासून छापून आली. संच हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय केला तो गेऑर्ग कँटोरने, १८७४पासून पुढे. संयोगाचं उघड्या वाटीसारखं चिन्ह आणि छेदाचं उपड्या वाटीसारखं चिन्ह १८८८मध्ये इटलीतल्या गणितज्ञ पेआनोच्या पुस्तकात आली. म्हणजे आपली नववीतली मुलं जे लिहितात ते जेमतेम दीडशे वर्षांचं आहे. शाळेतल्या गणितात इतकं ताजं दुसरं फारसं काही नाही.

आता दैनंदिन भाषेकडे येऊ. विठ्ठलवाडीला एसटीचं आगार आहे, म्हणून एसटीचंच उदाहरण घेतो. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांपुढच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला; ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. मार्च २०२३पासून महिलांना ५० टक्के सवलत मिळाली. बोलताना आपण म्हणतो, ‘महिला आणि ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे.’ या वाक्यात ‘आणि’ आहे. गणिताच्या पुस्तकात ‘आणि’ म्हटलं की छेद. पण इथे छेद घेतला तर सवलत फक्त वृद्ध महिलांना मिळेल. तरुण मुलगी आणि सत्तरीचे आजोबा दोघेही बाहेर राहतील. वाहक असं कधीच समजत नाही. त्याला कळतं, की इथे दोन संचांचा संयोग सांगितला आहे. आपल्या बोलण्यात दोन नावांना जोडणारा ‘आणि’ पुष्कळदा याद्या एकत्र करतो. अटींना जोडणारा ‘आणि’ यादी कापतो. ‘महाराष्ट्राचा रहिवासी आणि पदवीधर’ ही अट आहे, तिथे छेदच घ्यावा लागतो. मुलांचा या प्रकरणातला मोठा गोंधळ इथे होतो. त्यांनी पाठ केलेलं असतं की ‘आणि म्हणजे छेद, किंवा म्हणजे संयोग’. वाक्य वाचून नेमके कोण आत येतात हे पाहायची सवय लावलेली नसते. माझी गणिताच्या शिक्षकांना विनंती आहे की शब्दावरून चिन्ह लिहायला शिकवू नका. एखादा खराखुरा माणूस समोर उभा करा आणि विचारा, हा आत की बाहेर?

तशीच एक ६८ वर्षांची बाई समोर आणा. ती महिलांच्या संचात आहे आणि ज्येष्ठांच्याही. तिला महिला म्हणून अर्धं आणि ज्येष्ठ म्हणून अर्धं, म्हणजे प्रवास फुकट, असं होत नाही. तिला एकदाच अर्धं तिकीट लागतं. अशा दोन्हीकडच्या माणसांचा हिशेब ठेवण्यासाठीच ते सूत्र आहे, जे मुलं घोकतात: संयोगातल्या घटकांची संख्या म्हणजे पहिल्या संचातल्या आणि दुसऱ्या संचातल्या घटकांची बेरीज, वजा छेदातल्या घटकांची संख्या. वजा कशासाठी? छेदातली माणसं बेरजेत दोनदा आली म्हणून. एखाद्या सोसायटीत, एखाद्या मंडळात, एखाद्या शिबिरात ‘इतक्या महिला आणि इतके ज्येष्ठ मिळून एकूण इतके लाभार्थी’ असं छापलं जातं, तेव्हा त्या एकूण आकड्यातून छेद वजा केला आहे का, हा प्रश्न नववीतल्या मुलाने उभं राहून विचारायला हवा. तो उद्धटपणा नव्हे, गणित आहे.

इथून एका माणसाकडे वळतो. ऑगस्टस डी मॉर्गन. त्याचा जन्म २७ जून १८०६चा, मदुराईचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. सात महिन्यांचा असताना तो इंग्लंडला गेला तो गेलाच. लंडनच्या विद्यापीठात १८२८मध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच्या नावाने ओळखले जाणारे दोन नियम संचांच्या गणितात येतात. मध्ययुगीन तर्कशास्त्रज्ञांना ते शब्दांत माहीत होते; पण त्यांना नेमकं रूप डी मॉर्गनने दिलं. मराठीशी याचा एक धागा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो: डी मॉर्गनच्या बीजगणिताच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद १८४८मध्ये झाला. जॉर्ज जर्व्हिस यांनी विष्णु सुंदर छत्रे आणि गंगाधरशास्त्री फडके यांच्या मदतीने तो केला. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती. मराठीत आधुनिक गणित उशिरा आलं, असं आपण सरसकट म्हणतो. डी मॉर्गन हयात असताना, त्याच्या ऐन कामाच्या काळात, त्याचं पुस्तक मराठीत वाचायला मिळत होतं.

त्याचा पहिला नियम स्टेशनवर उभं राहून समजतो. ज्याच्याकडे तिकीट किंवा पास आहे तो वैध प्रवासी. मग अवैध कोण? मुलं पटकन म्हणतात, ‘ज्याच्याकडे तिकीट नाही किंवा पास नाही तो.’ असं असतं तर सगळी गाडीच दंड भरत बसली असती, कारण पासवाल्याकडे तिकीट नसतं आणि तिकीटवाल्याकडे पास नसतो. बरोबर उत्तर: ज्याच्याकडे तिकीट नाही आणि पासही नाही. संयोगाचा पूरक म्हणजे पूरकांचा छेद. दुसरा नियम सरकारी खिडकीवर भेटतो. ‘ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा, दोन्ही आणणे.’ परत कोणाला पाठवतील? दोन्ही विसरलेल्यालाच नव्हे. दोन्हींतलं एखादं जरी नसेल, तरी त्याला. छेदाचा पूरक म्हणजे पूरकांचा संयोग. ‘नाही’ आत शिरलं की ‘आणि’चं ‘किंवा’ होतं, ‘किंवा’चं ‘आणि’ होतं. एवढं एक पक्कं झालं तर करारपत्रं, विम्याच्या अटी, निवडणुकीचे अर्ज वाचताना होणाऱ्या कितीतरी चुका टळतील.

पूरक हा शब्द मी दोन्ही नियमांत वापरला आणि त्याची व्याख्या केली नाही. ती मुद्दामच मागे ठेवली होती, कारण आजचा माझा खरा विषय तिथे सुरू होतो.

एखाद्या संचाचा पूरक म्हणजे त्या संचात नसलेले सगळे. पण ‘सगळे’ म्हणजे कोणातले? विठ्ठलवाडीला न थांबणाऱ्या गाड्या किती, असा प्रश्न मी विचारला तर तुम्ही मला उलट विचारायला हवं, की कोणत्या गाड्यांमधल्या. कर्जत दिशेला जाणाऱ्या लोकलमधल्या? मध्य रेल्वेच्या सगळ्या लोकलमधल्या, म्हणजे पनवेलला जाणाऱ्या हार्बरच्याही धरून? की या रुळांवरून पुण्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसही धरायच्या? प्रत्येक वेळी ‘न थांबणाऱ्या’ गाड्यांचा संच वेगळा येईल. थांबणाऱ्या गाड्या मात्र मोजायला तुम्हाला काही विचारावं लागत नाही. फलाटावर उभे राहा आणि मोजा. ‘आहे’ला चौकट लागत नाही, ‘नाही’ला लागते. त्या चौकटीला पाठ्यपुस्तकात विश्वसंच म्हणतात, आणि वेन आकृतीत वर्तुळांभोवती जो आयत काढतात तो हाच. मुलं वर्तुळं नीट काढतात आणि आयत विसरतात. परीक्षक अर्धा गुण कापतो. मला विचाराल तर तो पूर्ण गुणाचा आयत आहे.

चौकट न सांगता संच बनवू पाहिलं की काय होतं, हे १९०१मध्ये तर्कशास्त्रज्ञ बर्ट्रंड रसेलला दिसलं. स्वतःचा घटक नसलेल्या सगळ्या संचांचा संच घ्या. तो स्वतःचा घटक आहे का? असेल तर नसायला हवा, नसेल तर असायला हवा. पुढच्या वर्षी त्याने हे तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेला पत्राने कळवलं, तेव्हा फ्रेगेच्या मोठ्या ग्रंथाचा दुसरा खंड छपाईला गेला होता. त्यानंतरच्या गणितज्ञांनी जे नियम बांधले त्यांचा गाभा असा, की आधीपासून हातात असलेल्या एखाद्या संचातूनच नवा संच निवडून काढायचा. ‘जगातलं सगळं’ असा आयत काढायचा नाही. नववीच्या पुस्तकातला विश्वसंच या मोठ्या शिस्तीचं लहान रूप आहे.

आता ही चौकट जमिनीवर आणू. आपल्या भागाइतकी तिची उदाहरणं क्वचितच दुसरीकडे मिळतील, कारण इथल्या हद्दी फार वेळा हलल्या आहेत.

कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी झाली. तिच्यातली २७ गावं २००२मध्ये वगळली गेली. २०१५मध्ये ती पुन्हा घेतली गेली. २०२०मध्ये त्यातली १८ गावं पुन्हा वगळण्याचा निर्णय झाला आणि ९ ठेवली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. विठ्ठलवाडीच्या शेजारची आशेळे आणि माणेरे ही त्या २७मधलीच. वजाबाकी, संयोग, पुन्हा एका उपसंचाची वजाबाकी, आणि मग ती वजाबाकीच रद्द. १८ आणि ९ हे २७चे विभक्त उपसंच आहेत, त्यांचा छेद रिक्त आणि संयोग पूर्ण २७. गणिताच्या दृष्टीने सोपं. पण आशेळ्यात राहणाऱ्या माणसाने घर हलवलेलं नाही, त्याची विहीर आणि त्याची वाट तीच आहे, तरी तो पालिकेच्या पाणीपट्टीचा, करांचा, मतदारयादीचा घटक होतो, नसतो, पुन्हा होतो. म्हणून ‘कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या किती’ या प्रश्नाला वर्ष जोडल्याशिवाय अर्थ नाही. दोन वेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून वाढीचा दर काढला, आणि मधल्या काळात चौकट हलली हे सांगितलं नाही, तर तो दर लोकांचा नसतो, हद्दीचा असतो. वर्तमानपत्रांत असे तक्ते मी वारंवार पाहतो. त्यांच्या खाली गावांची यादी द्यायला चार ओळी लागतील. त्या द्यायलाच हव्यात.

ठाणे जिल्ह्याचंही तसंच. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. १५ तालुक्यांमधले आठ पालघरला गेले, सात ठाण्यात राहिले. हे स्वच्छ विभाजन आहे. कोणताही तालुका दोन्हीकडे नाही, कोणताही सुटलेला नाही. मात्र ‘ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी लोकसंख्येचं प्रमाण’ २०१४च्या आधी आणि नंतर शेजारी ठेवलं, तर जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू इथली माणसं जणू नाहीशी झाल्यासारखी दिसतील. ती तिथेच आहेत. आयत लहान झाला.

तिसरं उदाहरण मला सर्वांत आवडतं, कारण त्यात वेन आकृतीचे तिन्ही भाग भरलेले आहेत. कल्याण लोकसभा मतदारसंघात अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. यात कल्याण पश्चिम नाही! ते भिवंडी लोकसभेत आहे. आता कल्याण लोकसभेचा प्रदेश हा एक संच आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेचा प्रदेश हा दुसरा. डोंबिवली दोन्हींत आहे. अंबरनाथ, मुंब्रा लोकसभेत आहेत, महापालिकेत नाहीत. कल्याण पश्चिम महापालिकेत आहे, पण त्या लोकसभेत नाही. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा उपसंच नाही, आणि दोघे विभक्तही नाहीत. कल्याण पश्चिमेत राहणारा कल्याणकर कल्याणचा खासदार निवडत नाही, आणि मुंब्र्यातला मतदार निवडतो. नाव एक आहे म्हणून संच एक होत नाही. स्टेशनच्या पाटीवरचं कल्याण, महापालिकेचं कल्याण, तालुक्याचं कल्याण आणि लोकसभेचं कल्याण हे चार वेगळे संच आहेत. कोणी ‘कल्याणकरांची मागणी’ म्हणालं की यांपैकी कोणते, हे विचारणं हा आडमुठेपणा नाही. त्याशिवाय पुढचं एकही वाक्य खरं की खोटं ते ठरत नाही.

ज्या मुलांना हे सारं राजकारणाचं वाटत असेल त्यांच्यासाठी आता शुद्ध संख्यांकडे जाऊ. तिथेही आपलाच माणूस आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आजचा पालघर. चौकटीचं हे आणखी एक उदाहरण. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९३०पासून १९६२पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. मार्टिन गार्डनरने १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली. आणि या सभेला विशेष सांगण्यासारखं हे, की त्यांनी ज्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, त्यांचं नाव आपल्या शेजारच्या स्टेशनवरून आलं आहे. जी.आय.पी. रेल्वेचं मुंबईपासून तीसेक मैलांवरचं ते स्टेशन, जिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, ते ‘डेम्लो’ म्हणजे आजची डोंबिवली.

कापरेकरांचं बरंचसं काम म्हणजे एकेका गुणधर्माने संच बांधणं. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या ती हर्षद. १८ला नऊने भाग जातो, म्हणून १८ हर्षद. आपला वर्ग केल्यावर त्या वर्गाचे दोन तुकडे जोडून पुन्हा आपणच मिळतो, ती कापरेकर संख्या: ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या जन्मते. ३६मध्ये ९ मिळवले की ४५. जिला असा कोणी जनक नाही ती स्वयंभू. २०ला जनक नाही, शोधून पाहा.

विश्वसंच आधी सांगतो: १ ते १०० या पूर्ण संख्या. यात कापरेकर संख्या पाच: १, ९, ४५, ५५, ९९. हर्षद ३३. स्वयंभू १३: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. कापरेकर आणि हर्षद यांचा छेद १, ९, ४५. हर्षद आणि स्वयंभू यांचा छेद १, ३, ५, ७, ९, २०, ४२, म्हणजे सात. मग हर्षद किंवा स्वयंभू अशा संख्या किती? ३३ अधिक १३ वजा ७, एकूण ३९. आणि दोन्ही नसलेल्या? त्यासाठी शंभरातून ३९ वजा करायचे: ६१. हे ६१ सांगता आले ते शंभरची चौकट आधी आखली म्हणून. तिन्ही संचांत असलेल्या संख्या फक्त दोन, १ आणि ९; ४५ला ३६ हा जनक असल्याने ती स्वयंभूंतून गळते. नववीच्या मुलांना पेन्सिल आणि एक रविवार दिला तर हे सगळं ते स्वतः तपासू शकतात, आणि पुस्तकातल्या ‘चहा आवडणारी मुलं, कॉफी आवडणारी मुलं’ यापेक्षा ते त्यांना कितीतरी जास्त आवडतं.

छेद घेणं ही नुसती आवराआवर नाही. त्यातून नवा प्रश्न जन्मतो, आणि हे मला डोंबिवलीच्या संख्यांवरच दाखवायचं आहे. डेम्लो संख्यांमधल्या सर्वांत देखण्या अशा: १, १२१, १२३२१, १२३४३२१, आणि अशा पुढे नवव्या संख्येपर्यंत, १२३४५६७८९८७६५४३२१. या १, ११, १११, ११११ अशा एकांच्या ओळींचे वर्ग आहेत. (दहाव्या ओळीपासून हातचे येतात आणि ही आरशासारखी रचना मोडते, म्हणून विश्वसंच या नऊ संख्यांचा.) त्यांचा आणि हर्षद संख्यांचा छेद काढा. १२१च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ची बेरीज ९. नऊने भागून १३६९ येतात, भाग जातो. चौथी नाही, पाचवी नाही, सहावी, सातवी, आठवी नाही. नववीची बेरीज ८१ आणि तिला ८१ने भाग जातो. छेदात उरल्या पहिली, तिसरी आणि नववी.

१, ३, ९. हे योगायोगाने आलं की कशामुळे? पाहा, यातल्या कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज तिच्या क्रमांकाचा वर्ग असते: दुसरीची ४, तिसरीची ९, नववीची ८१. आणि संख्या स्वतः तितक्याच एकांच्या ओळीचा वर्ग. वर्गाला वर्गाने भाग जातो तेव्हाच, जेव्हा मुळाला मुळाने भाग जातो. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की नऊपर्यंतच्या कोणत्या क्रमांकाने तितक्या एकांच्या ओळीला भाग जातो. दोन, चार, सहा, आठ बाद, कारण एकांची ओळ विषम असते. पाच बाद, कारण शेवटी एक आहे. सात एकांच्या ओळीत शेवटचा एक बाजूला काढा. उरलेल्या ११११११०ला सातने भाग जातो, म्हणून बाकी १ राहते आणि सातही बाद. उरले १, ३ आणि ९. तीन एकांच्या अंकांची बेरीज तीन, नऊ एकांची नऊ, म्हणून दोन्हींना भाग जातो: १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९.